कोकणातील पिकांसाठी उपयुक्त जिवाणू : वाढ आणि बुरशीजन्य रोगांचे नियंत्रण (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, ठाणे आणि पालघर जिल्ह्यांतील भातशेतकरी, बागायतदार आणि रोपवाटिकाधारक यांच्याकडून जिवाणू खते व जैविक बुरशीनाशकांबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. या विषयावरील बरीचशी माहिती देशावरच्या काळ्या जमिनीचा आणि कोरड्या हवेचा विचार करून लिहिलेली असते. कोकणातील माती, पाऊस आणि मशागत वेगळी असल्याने ती माहिती जशीच्या तशी वापरल्यास निराशा पदरी येते, म्हणून येथे कोकणालाच धरून लिहिले आहे.

उपयुक्त जिवाणू म्हणजे नेमके कोणते आणि ते झाडावर कुठे राहतात?

एक ग्रॅम चांगल्या मातीत साधारण १० कोटी ते १०० कोटी जिवाणू असतात, आणि मुळांच्या अगदी जवळच्या एक-दोन मिलिमीटर मातीत त्यांची संख्या आजूबाजूच्या मातीपेक्षा कितीतरी अधिक असते. याचे कारण असे की झाड पानांत तयार केलेल्या अन्नाचा काही भाग, अंदाजे ५ ते २० टक्के, शर्करा, सेंद्रिय आम्ले आणि अमिनो आम्लांच्या रूपाने मुळांवाटे बाहेर सोडते आणि त्यावर जिवाणू जगतात. मुळांभोवतीच्या या जिवंत पट्ट्याकडे जर्मन शास्त्रज्ञ लोरेन्झ हिल्टनर यांनी १९०४ मध्ये प्रथम शास्त्रीय लक्ष वेधले. झाडाच्या वाढीस मदत करणारे मूलनिवासी जिवाणू ही स्वतंत्र कल्पना १९७८ मध्ये क्लोपर आणि श्रॉथ या अमेरिकी संशोधकांनी मांडली.

राहण्याच्या जागेवरून त्यांचे ढोबळ तीन गट करता येतात. काही मुळांच्या पृष्ठभागावर वस्ती करतात. सुडोमोनास फ्लुरोसन्स आणि बॅसिलस सबटिलिस हे त्यांतले सर्वांत वापरातले. काही मुळांच्या किंवा खोडाच्या आत, पेशींच्या मधल्या पोकळीत शिरून राहतात आणि झाडाला अपाय करत नाहीत. उसाच्या आत राहून हवेतील नत्र बांधणारा ग्लुकोनॅसिटोबॅक्टर हा त्यांतला प्रसिद्ध जिवाणू असून तो ब्राझीलमध्ये १९८८ मध्ये वर्णिला गेला. तिसरा गट पानांवर राहतो. गुलाबी वसाहती करणारे मिथायलोबॅक्टेरियम पानांतून बाहेर पडणाऱ्या मिथेनॉलवर जगतात आणि जवळपास प्रत्येक झाडाच्या पानावर सापडतात. कोकणात पावसाळ्यातील चार महिने पाने सतत धुतली जात असल्यामुळे या तिसऱ्या गटापेक्षा पहिल्या दोन गटांवर भर देणे आम्हाला शहाणपणाचे वाटते.

हे जिवाणू बुरशीला कसे रोखतात?

एकाच मार्गाने नव्हे. सर्वांत साधा मार्ग म्हणजे जागा आणि अन्न आधीच अडवणे. मुळाच्या टोकाजवळ आणि उपमुळे फुटतात तेथे सर्वाधिक स्राव बाहेर येतो, आणि रोगकारक बुरशीही नेमकी तेथेच चिकटते. उपयुक्त जिवाणूंची वस्ती तेथे आधीपासून असेल तर बुरशीच्या बीजाणूला रुजण्यासाठी लागणारे अन्न मिळत नाही. वेळेला येथे इतके महत्त्व आहे ते यामुळेच.

दुसरा मार्ग प्रतिजैविकांचा. सुडोमोनासचे काही वाण फेनाझिन, पायोल्युटिओरिन आणि डायअसिटिलफ्लोरोग्लुसिनॉल ही द्रव्ये तयार करतात. बॅसिलस सबटिलिस आणि त्याचा जवळचा नातेवाईक बॅसिलस अमायलोलिक्विफेशियन्स हे सर्फॅक्टिन, इट्युरिन आणि फेंजायसिन ही साबणासारख्या गुणाची द्रव्ये सोडतात. त्यांतील इट्युरिन आणि फेंजायसिन बुरशीच्या पेशीच्या पातळ आवरणाला छिद्रे पाडतात. काही जिवाणू कायटिनेज आणि ग्लुकानेज ही विकरे सोडून बुरशीची पेशीभित्ती विरघळवतात.

तिसरा मार्ग लोहाचा आहे. सुडोमोनास पायोव्हर्डिन नावाचे पिवळसर हिरवे द्रव्य सोडतो. अतिनील प्रकाशात ते चमकते आणि फ्लुरोसन्स हे नाव त्या चमकेवरूनच पडले आहे. हे द्रव्य मातीतील लोह घट्ट पकडून जिवाणूपर्यंत आणते, आणि लोहावाचून बुरशीची वाढ खुंटते. या मार्गाबद्दल कोकणात एक मोठा पण आहे, तो पुढच्या प्रश्नात येईल.

चौथा मार्ग झाडाच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीचा. मुळावर वस्ती केलेल्या जिवाणूची चाहूल झाडाला लागते आणि जॅस्मोनिक आम्ल व इथिलीन यांच्यामार्फत निरोप पानांपर्यंत जातो. त्यामुळे पानांत लगेच कोणतेही विषारी द्रव्य भरत नाही, पण नंतर बुरशीचा हल्ला झाला तर झाड अधिक लवकर आणि अधिक जोराने प्रतिसाद देते. १९९१ मध्ये वेगवेगळ्या संशोधकांनी स्वतंत्रपणे हे दाखवून दिले. मुळाला दिलेल्या जिवाणूमुळे पानावरचा करपा कमी होऊ शकतो, याचे स्पष्टीकरण यातच आहे.

कोकणच्या जांभ्या जमिनीत हे काम तसेच चालते का?

काही बाबतींत चालते, काही बाबतींत नाही, आणि हा फरक बाजारातील माहितीपत्रकांत सहसा लिहिलेला नसतो.

जांभ्या दगडापासून तयार झालेली आपली लाल माती आम्लधर्मी असते. दरवर्षी अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस तिच्यातून चुना, पोटॅश आणि मॅग्नेशियम वाहून नेतो आणि लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे मागे राहतात. मातीचा लाल रंगच त्या लोहाचा आहे. लोह पकडून बुरशीची उपासमार करण्याचा मार्ग चुनखडीयुक्त जमिनीत प्रभावी ठरतो, कारण तेथे लोह विरघळलेल्या स्वरूपात फारच थोडे असते. आम्लधर्मी जमिनीत, आणि त्यातही पाणी साचलेल्या भातखाचरात, लोह मुबलक विरघळते, इतके की भाताला त्याची बाधाही होऊ शकते. अशा ठिकाणी जिवाणूला पायोव्हर्डिन तयार करण्याची गरजच फारशी भासत नाही. म्हणून कोकणासाठी जिवाणूचा वाण निवडताना तो प्रतिजैविके तयार करतो का आणि झाडाची प्रतिकारशक्ती जागी करतो का, हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे. शक्य असेल तेथे स्थानिक मातीतून वेगळा केलेला वाण घ्यावा.

स्फुरदाची (फॉस्फरसची) गोष्टही अशीच. स्फुरद विरघळवणारे जिवाणू ग्लुकॉनिक आम्लासारखी सेंद्रिय आम्ले सोडतात आणि त्यामुळे चुन्याशी बांधलेला स्फुरद सुटा होतो. आपल्याकडे मात्र स्फुरद मुख्यतः लोह आणि ॲल्युमिनियमशी बांधला जातो आणि तो सोडवणे त्यांना बरेच कठीण जाते. म्हणून जमिनीत आधीच अडकलेला स्फुरद जिवाणू मोकळा करतील या भरवशावर राहू नये. आम्लधर्मी जमिनीत रॉक फॉस्फेट मुळातच बऱ्यापैकी विरघळते, आणि त्याला शेणखत व जिवाणूंची जोड दिल्यास तो वेग वाढतो. आमच्या मते कोकणात या जिवाणूंचा खरा उपयोग हाच आहे.

मातीचा सामू (पीएच) पाचाच्या खाली असेल तर बहुतेक उपयुक्त जिवाणूंची वाढ मंदावते. माती परीक्षण करून शिफारशीप्रमाणे चुना घातल्याशिवाय अशा जमिनीत जिवाणूंवर पैसे खर्च करू नयेत.

आम्ही दाढीच्या, म्हणजे भाताची रोपे तयार करण्याच्या, जागेवर राब भाजतो. त्यानंतर जिवाणू देण्यात काही अर्थ आहे का?

आहे. किंबहुना या प्रदेशात जिवाणूंचा सर्वाधिक उपयोग होण्याची जागा हीच असावी. कवळ (झाडांच्या छाटलेल्या फांद्या), पातेरा, गवत आणि शेण पसरून फेब्रुवारी ते मे या काळात जमीन भाजली की वरच्या थरातील तणांचे बी, काही कीटक आणि रोगकारक बुरशी नष्ट होतात. राखेमुळे पोटॅश आणि चुना मिळून वरच्या थराचा सामू थोडा वाढतो. मात्र वरच्या दोन-तीन सेंटिमीटर थरातील उपयुक्त जिवाणूही त्याच आगीत जातात आणि ती जागा रिकामी राहते. पाऊस सुरू झाल्यावर त्या रिकाम्या जागेत कोण आधी पोहोचते यावर रोपांचे आरोग्य अवलंबून असते.

राब भाजणे सोडावे, असे कृषी विद्यापीठाकडून अनेक वर्षे सांगितले जात आहे. झाडांची दरसाल होणारी छाटणी आणि सेंद्रिय पदार्थांची राख होणे, या दोन्ही दृष्टींनी ते योग्यच आहे. पण जे आजही राब भाजतात त्यांना जिवाणूंचा लाभ घेता येतो. आगीनंतर जमीन पूर्ण थंड होऊ द्यावी, पहिल्या पावसाने ओली होऊ द्यावी आणि मग पेरणीच्या वेळी, चांगल्या कुजलेल्या शेणखतात आठ-दहा दिवस ओलसर ठेवून मुरवलेले जिवाणू वाफ्यावर पसरून मातीत हलके मिसळावेत. साधारण प्रमाण एकरी एक किलो पावडर आणि २० किलो शेणखत असे आहे. दाढीचे क्षेत्र लावणीच्या क्षेत्राच्या सुमारे दहावा हिस्सा असल्याने हा खर्च अगदी थोडा येतो. कोरड्या, तापलेल्या राखेवर पावडर टाकणे मात्र व्यर्थ आहे.

भाताच्या बियाण्यावर प्रक्रिया कोणत्या क्रमाने करावी?

प्रथम ३ टक्के मिठाच्या पाण्यात, म्हणजे एक लिटरला ३० ग्रॅम मीठ घेऊन, बियाणे बुडवावे आणि तरंगणारे पोचट दाणे काढून टाकावेत. तळाचे बियाणे स्वच्छ पाण्याने दोन-तीन वेळा धुवावे. मीठ राहिले तर पुढे दिलेले जिवाणू मरतात, आणि ही पायरी घाईत बऱ्याचदा निसटते. नंतर बियाणे सावलीत सुकवावे. रासायनिक बुरशीनाशक चोळायचे असेल तर ते आधी चोळावे आणि जिवाणू सर्वांत शेवटी द्यावेत.

सुडोमोनास फ्लुरोसन्सची पावडर किलोला १० ग्रॅम या प्रमाणात वापरतात. नत्र बांधणारा ॲझोस्पिरिलम आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू प्रत्येकी किलोला २५ ग्रॅम देण्याची पद्धत आहे. पावडर चिकटण्यासाठी गुळाचे थंड केलेले पाणी किंवा भाताची पेज चालते. प्रक्रिया केलेले बियाणे उन्हात न ठेवता त्याच दिवशी पेरावे.

रोमठा पद्धतीने, म्हणजे मोड आणून पेरणाऱ्यांना आणखी सोपा मार्ग आहे. बियाणे भिजत घालतानाच किलोला १० ग्रॅम या प्रमाणात सुडोमोनास पाण्यात मिसळावा. दाणा फुटताना निघणाऱ्या पहिल्याच मुळावर जिवाणूंना वस्ती करता येते, म्हणून ही पद्धत आम्हाला कोरड्या प्रक्रियेपेक्षा अधिक पसंत आहे.

रोहिणीत धूळवाफ पेरणी करतो. तेव्हाही हीच प्रक्रिया चालेल का?

येथे सावध राहावे लागते. धूळवाफ पेरणीत बियाणे कोरड्या, तापलेल्या मातीत पावसाची वाट पाहत पडून असते. सुडोमोनास आणि ॲझोस्पिरिलम यांना कोरडेपणा आणि उष्णता सोसत नाही, त्यामुळे मृगाचा पाऊस लांबला तर बियाण्यावरचे बहुतेक जिवाणू अंकुर फुटण्याआधीच मेलेले असतात. बॅसिलसची गोष्ट वेगळी आहे. प्रतिकूल काळात तो जाड कवचाचे बीजाणू तयार करतो आणि ते महिनोन्‌महिने तग धरून ओल मिळताच पुन्हा जागे होतात. म्हणून धूळवाफेला बॅसिलस वापरावा आणि सुडोमोनास लावणीसाठी राखून ठेवावा.

लावणीच्या वेळी मुळे बुडवून लावण्याचा फायदा होतो का?

होतो, आणि ज्यांनी बियाण्याला काहीच केले नाही त्यांच्यासाठी ती दुसरी संधी आहे. दाढीतून तरवा (लावणीची रोपे) काढताना मुळे तुटतात आणि तुटलेल्या टोकांतून स्राव बाहेर पडतो. त्याच वेळी जिवाणू मिळाले तर ते लगेच चिकटतात. खाचराच्या कोपऱ्यात बांध घालून लहानसा चौकोन करावा, त्यात बोटभर पाणी घ्यावे, पावडर कालवावी आणि जुड्यांची मुळे २० ते ३० मिनिटे त्यात उभी ठेवावीत. उरलेले पाणी त्याच खाचरात सोडावे. युरिया किंवा अन्य खत त्याच पाण्यात मिसळू नये.

भातावर करपा दिसू लागल्यावर जिवाणू फवारले तर रोग थांबेल का?

बहुधा थांबणार नाही. पानांवर डोळ्याच्या आकाराचे, मध्ये राखाडी आणि कडेला तपकिरी ठिपके दिसतात तेव्हा बुरशी पेशींच्या आत पसरलेली असते आणि बाहेरून फवारलेला जिवाणू तिथवर पोहोचत नाही. ढगाळ हवा, रिमझिम पाऊस आणि रात्रीचा गारवा असेल तर करपा काही दिवसांत शेतभर पसरतो. अशा वेळी शिफारस केलेले रासायनिक बुरशीनाशक वापरावे आणि नत्राचा पुढचा हप्ता थांबवावा. जिवाणूंच्या भरवशावर पीक घालवणे कोणाच्याही हिताचे नाही.

पर्णकोष करपा पाण्याच्या पातळीजवळ, बुंध्यापाशी सुरू होतो. त्याची बुरशी रायझोक्टोनिया ही मातीत आणि धसकटांत टिकून राहत असल्यामुळे, मुळाशी आणि मातीत दिलेल्या जिवाणूंचा त्याच्यावर तुलनेने चांगला परिणाम मिळतो. कडा करपा मात्र मुळात जिवाणूजन्य रोग आहे. पानाच्या कडेने पिवळट, वेडावाकडा पट्टा वाळत जातो. त्याचे निदान वेगळे आणि उपायही वेगळा, तेव्हा आधी रोग ओळखून घ्यावा.

पोफळीच्या कोळे रोगावर जिवाणू चालतील का? बोर्डो मिश्रण बंद करावे का?

बोर्डो मिश्रण बंद करू नये. कोळे रोग फायटोफ्थोरामुळे होतो, आणि पावसाच्या थेंबांबरोबर त्याचे पोहणारे बीजाणू घोसांवर पसरतात. चाळीस-पन्नास फूट उंचीवर, धो धो पावसात लटकणाऱ्या सुपारीवर जिवाणूंची वस्ती टिकणे फार कठीण आहे. पाऊस सुरू होण्यापूर्वी एकदा आणि त्यानंतर ४० ते ४५ दिवसांनी उघडीप पाहून दुसऱ्यांदा, एक टक्का बोर्डो मिश्रणाची फवारणी हा काळाच्या कसोटीवर उतरलेला उपाय आहे. एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि १०० लिटर पाणी हे त्याचे प्रमाण.

येथे एक शास्त्रीय बाब ध्यानात ठेवावी. फायटोफ्थोरा आणि पिथियम यांना आपण सोयीसाठी बुरशी म्हणतो, पण त्यांची पेशीभित्ती कायटिनऐवजी प्रामुख्याने ग्लुकान आणि सेल्युलोजची असते. त्यामुळे केवळ कायटिनेज सोडणारा जिवाणू त्यांच्यावर निष्प्रभ ठरतो. प्रतिजैविके सोडणारे आणि मुळावर जागा अडवणारे वाणच तेथे कामाला येतात.

मोरचूदातील तांबे जिवाणूंनाही मारते. घोसांवर फवारलेले मिश्रण खाली ओघळते, म्हणून पोफळीच्या बागेत आळ्यात जिवाणू द्यायचे असतील तर फवारणीनंतर किमान दोन-तीन आठवडे जाऊ द्यावेत.

मग बागायतीत जिवाणूंचा खरा उपयोग कुठे आहे?

मिरी, आले, हळद आणि सर्व प्रकारच्या रोपवाटिका. पोफळीवर किंवा माडावर चढवलेली मिरीची वेल पावसाळ्यात आठ-दहा दिवसांत पाने गाळून मरते, तेव्हा रोगाची सुरुवात बहुधा मुळांपाशी किंवा जमिनीलगतच्या खोडाशी झालेली असते. तो फायटोफ्थोराचाच प्रताप. पण येथे लढाई जमिनीत होते आणि जमिनीत जिवाणू टिकतात. कोझिकोड येथील भारतीय मसाले पिके संशोधन संस्थेने मिरी आणि आल्यासाठी असे जिवाणू निवडले असून ते लहान कॅप्सूलमध्ये भरून देण्याची पद्धतही विकसित केली आहे.

मिरीचे छाट पिशवीत लावतानाच मातीच्या मिश्रणात जिवाणू मिसळावेत, लागवडीच्या खड्ड्यात शेणखताबरोबर पुन्हा द्यावेत आणि दरवर्षी मेअखेरीस व पावसाचा जोर ओसरल्यावर आळ्यात द्यावेत. वेलीच्या बुंध्याशी पाणी साचत असेल तर मात्र कोणताही जिवाणू तिला वाचवू शकत नाही, कारण पाण्यात फायटोफ्थोराचे बीजाणू पोहत मुळाशी येतात आणि हवेअभावी मूळ आधीच दुबळे झालेले असते. आधी चर काढावा, मग जिवाणूंचा विचार करावा. आले आणि हळदीच्या कंदकुजीलाही हेच लागू आहे: गादीवाफा, निचरा, निरोगी बेणे आणि लागवडीपूर्वी बेणे जिवाणूंच्या द्रावणात अर्धा तास बुडवणे.

मिरची, वांगी आणि टोमॅटोची रोपे जमिनीलगत मऊ पडून कोलमडतात, त्यामागे पिथियम आणि रायझोक्टोनिया असतात. ट्रेमध्ये कोकोपीट भरताना त्यात जिवाणू मिसळल्यास हा त्रास लक्षणीय घटतो. कोकोपीट जवळपास निर्जीव माध्यम असल्याने दिलेल्या जिवाणूंना तेथे फारशी स्पर्धा नसते.

हापूसच्या मोहोरावरील भुरी आणि करप्यासाठी?

मोहोराच्या काळात कोकणात पाऊस नसतो, ही अनुकूल गोष्ट. बॅसिलस सबटिलिसची संध्याकाळची फवारणी करप्याचा प्रादुर्भाव होण्यापूर्वी, गंधक आणि अन्य बुरशीनाशकांच्या वेळापत्रकात पूरक म्हणून बसवता येते. केवळ तिच्यावर संपूर्ण मोहोर सोपवावा, असे आम्ही म्हणणार नाही. काढणीला आलेल्या फळांवर औषधाचा अंश राहू नये म्हणून शेवटच्या फवारण्यांत जैविक पर्याय घेणे मात्र निश्चितच इष्ट आहे.

भातानंतरच्या वाल, कुळीथ, चवळीसाठी कोणते जिवाणू?

रायझोबियम. हे मुळांवर गाठी करून हवेतील नत्र बांधतात. १८८८ मध्ये हॉलंडच्या बायरिंक यांनी हे जिवाणू प्रथम वेगळे केले. चवळी, वाल, कुळीथ, मूग आणि भुईमूग यांना चवळी गटाचे रायझोबियम लागते. सोयाबीन किंवा हरभऱ्याचे पाकीट येथे उपयोगी नाही. दुकानात अनेकदा हातात येईल ते पाकीट दिले जाते, तेव्हा त्यावरचे पिकाचे नाव वाचूनच घ्यावे. आम्लधर्मी जमिनीत जिवाणू चोळल्यावर बियाण्यावर बारीक खडूच्या भुकटीचा पातळ थर दिल्यास रुजण्याच्या काळात त्यांचा बचाव होतो; कळीचा चुना यासाठी कधीही वापरू नये. पीक महिन्या-सव्वा महिन्याचे झाले की एक रोप हलक्या हाताने उपटून गाठ कापून पाहावी. आतून गुलाबी लाल असेल तर नत्र बांधले जात आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर ती निकामी आहे.

खारजमिनीत जिवाणू तगतात का?

सर्वच तगत नाहीत, पण किनारपट्टीच्या खारवट मातीतून वेगळे केलेले काही बॅसिलस आणि सुडोमोनास चांगले तगतात. त्यांतले काही एक विशिष्ट विकर तयार करतात आणि त्यामुळे क्षाराच्या ताणाखाली झाडात वाढणारे इथिलीन कमी होऊन मुळांची वाढ चालू राहते. पहिल्या पावसांनी क्षार धुऊन गेल्यावरच ते द्यावेत, आणि पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने दिलेल्या क्षारसहनशील भातवाणांबरोबर द्यावेत.

पाकीट विकत घेताना काय तपासावे?

जिवाणू खते खत नियंत्रण आदेश, १९८५ खाली २००६ पासून येतात. रोगनियंत्रणासाठी विकली जाणारी जैविक उत्पादने कीटकनाशक कायदा, १९६८ खाली येतात आणि त्यांच्या लेबलवर नोंदणी क्रमांक असावा लागतो. खत नियंत्रण आदेशानुसार पावडर स्वरूपातील जिवाणू खतात ग्रॅमला किमान ५ कोटी आणि द्रवरूप खतात मिलिलिटरला किमान १० कोटी जिवंत जिवाणू असणे बंधनकारक आहे.

हे आकडे कोरडे वाटले तरी त्यांचा हिशेब करून पाहावा. ग्रॅमला १० कोटी जिवाणू असलेली पावडर १० ग्रॅम घेतली तर एकूण १०० कोटी जिवाणू होतात. एक किलो भातात वाणानुसार ४० ते ५० हजार दाणे असतात. म्हणजे प्रत्येक दाण्यावर जेमतेम २० ते २५ हजार जिवाणू येतात. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेल्या पाकिटातील नव्वद टक्के जिवाणू मेले असतील तर ती संख्या दोन-अडीच हजारांवर येते आणि मातीतील जिवाणूंच्या गर्दीत तेवढ्यांचा निभाव लागत नाही. म्हणून उत्पादनाची तारीख, मुदत आणि दुकानदाराने माल कुठे ठेवला आहे, या तीन गोष्टी किमतीपेक्षा अधिक काळजीने पाहाव्यात. घरी आणल्यावर पाकीट सावलीत, थंड कोपऱ्यात, खते-औषधांपासून दूर ठेवावे आणि फोडले की संपवावे.

थोडे विकत घेऊन गूळ-पाण्यात घरी वाढवले तर चालेल का?

आम्ही तसा सल्ला देत नाही. उघड्या पिंपातील गुळाच्या पाण्यात सर्वांत वेगाने वाढणारा जीव जिंकतो, आणि तो आपल्याला हवा असलेलाच असेल याची खात्री नसते. शिवाय सुडोमोनासच्या कुळातलाच सुडोमोनास एरुजिनोसा मातीत आणि पाण्यात सर्वत्र आढळतो आणि जखमांमध्ये व दुबळ्या प्रकृतीच्या माणसांत तो गंभीर संसर्ग करू शकतो. नोंदणीकृत उत्पादनातील वाण सुरक्षिततेसाठी तपासलेले असतात. पिंपातील मिश्रणाला ती हमी नाही.

जीवामृताचाही प्रश्न येथेच येतो. त्यात शेणातील आणि बांधावरच्या मातीतील अनेक जिवाणू असतात आणि जमिनीतील जिवाणूंना खाद्य म्हणून त्याचा उपयोग आहे. पण त्यात कोणता जिवाणू किती आहे हे दर वेळी बदलते, म्हणून ठरावीक रोगाविरुद्ध निवडलेल्या वाणाची जागा ते घेऊ शकत नाही.

कोणत्या खते-औषधांबरोबर जिवाणू देऊ नयेत?

तांबेयुक्त बुरशीनाशके, स्ट्रेप्टोमायसिनसारखी प्रतिजैविके, ब्लीचिंग पावडर आणि फॉर्मलिन ही थेट जिवाणूनाशक आहेत. नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर ते रात्रभर उघड्या भांड्यात ठेवून वापरावे. विहिरीचे किंवा वहाळाचे स्वच्छ पाणी उत्तम. रासायनिक खते एकाच वेळी मिसळून देऊ नयेत, आठवडाभराचे अंतर पुरते. ट्रायकोडर्मा या उपयुक्त बुरशीबरोबर द्यावे का, याचे सरसकट उत्तर नाही: सुडोमोनासचे काही वाण ट्रायकोडर्मालाही रोखतात, तर काही जोड्या मुद्दाम एकत्र तपासून विकल्या जातात. अशी तपासलेली जोडी नसेल तर दोन्ही वेगवेगळ्या वेळी द्यावेत.

माणसे, जनावरे आणि खाचरातील मासे यांना धोका आहे का?

नोंदणीकृत उत्पादन लेबलप्रमाणे वापरल्यास धोका अत्यल्प आहे. तरीही टाल्क पावडर श्वासावाटे छातीत जाते, म्हणून नाका-तोंडाला फडके बांधावे, हाताला जखम असल्यास मोजे घालावेत आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत. प्रक्रिया केलेले बियाणे जनावरांना किंवा कोंबड्यांना घालू नये, कारण त्यावर रासायनिक बुरशीनाशकही असू शकते.

आपल्या शेतात परिणाम झाला की नाही, हे कसे ओळखावे?

त्यासाठी एक भाग जिवाणू न देता सोडावा लागतो, आणि नेमके हेच कोणी करत नाही. सगळ्या शेताला जिवाणू दिले आणि त्या वर्षी पाऊस मानवला, तर श्रेय कोणाचे हे कळणार कसे? दाढीचा एक वाफा प्रक्रिया न केलेल्या बियाण्याचा ठेवावा, त्याची लावणी त्याच खाचराच्या एका बाजूला करावी आणि खत, पाणी, वाण सर्व सारखे ठेवावे. खाचराची उताराची बाजू आणि वरची बाजू यांत मुळातच फरक असतो, म्हणून दोन्ही भाग एकाच पातळीवर घ्यावेत. पाण्याबरोबर जिवाणू वाहत जातात, तेव्हा पाणी प्रक्रिया न केलेल्या भागाकडून प्रक्रिया केलेल्या भागाकडे जाईल अशी मांडणी करावी.

लावणीआधी दोन्हीकडची पंचवीस-पंचवीस रोपे उपटून मुळांची लांबी आणि पांढरेपणा पाहावा. फुटवे फुटण्याच्या काळात करप्याचे ठिपके असलेली पाने मोजावीत आणि कापणीला दोन्हीकडचे सारखे चौरस कापून वेगळे झोडून तोलावेत. एका हंगामावरून निष्कर्ष काढू नये, निदान दोन-तीन पावसाळे नोंदी ठेवाव्यात. नोंदवही घेऊन कोसबाड, रोहा किंवा किर्लोस येथील कृषी विज्ञान केंद्रात, अथवा दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठात गेल्यास तेथील शास्त्रज्ञांना नेमका सल्ला देणे सोपे जाते. सोबत त्याच शेताचा माती परीक्षण अहवाल आणि वापरलेल्या पाकिटाचे लेबल असावे.